जुनं वॉशिंग मशीन घरी आणताय? आधी मागचा पत्रा उघडा

जुनं मशीन बघायला जाताना खिशात तीन वस्तू असू द्या: टॉर्च, दणकट स्क्रू ड्रायव्हर आणि परकराची जुनी नाडी. पहिल्या दोन कशाला ते सांगायला नको. नाडीचं पुढं येईलच.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं मशीन घेऊन त्यात रोजचे कपडे धुवायचेत, अशांसाठी हे लिहितोय. हॉलमध्ये शोभेला ठेवायचं असेल तर पुसून ठेवा, झालं. वापरायचं असेल तर मात्र थोडे हात काळे होतील.

आमच्या घरात पहिलं मशीन १९९१ च्या दिवाळीत आलं. दोन टबांचं (एकात धुवायचं, दुसऱ्यात म्हणजे ड्रायरमध्ये पिळायचं), सेमी ऑटोमॅटिक, पांढरं आणि वरची पट्टी निळी. वडील मिलमध्ये फिटर होते. दुकानदार झाकण उघडून टब दाखवत होता, टायमर फिरवून दाखवत होता, आणि वडील मशीनच्या मागं जाऊन उभे. म्हणाले, "मागचा पत्रा उघडा." दुकानदार हसला. "मालक, नवीन हाय की ते. उघडून काय बघताय?" वडील म्हणाले, "नवीन हाय म्हणूनच बघतोय. जुनं झाल्यावर मलाच उघडायचंय." पत्रा उघडला. आत दोन मोटारी, एक बेल्ट, एक पुली, दोन कंडेन्सर (मोटारीला फिरायला जोर देणारे डबे) आणि वायरींचा एक जुडगा. वडिलांनी बोटानं बेल्ट दाबून बघितला आणि पैसे मोजले.

ते मशीन अजून चालतंय. मध्ये एकदा मीच शहाणपणा करून एका मोठ्या कंपनीचं नवीन फुल्ली ऑटोमॅटिक आणलं होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि सर्किट बोर्ड गेला. तो बोर्ड आता येत नाही, असं उत्तर मिळालं. मोटार चांगली, ड्रम चांगला, पण तळहाताएवढ्या बोर्डापायी सगळं मशीन कोपऱ्यात बसलं. माझा जुन्या मशीनचा नाद तिथनं सुरू झाला.

परदेशात हा छंद मोठा आहे. बेंडिक्स कंपनीनं १९३७ मध्ये अमेरिकेत घरगुती ऑटोमॅटिक मशीन लोकांपुढं आणलं. त्या काळापासूनची मशीनं जमवणारे, ती चालू ठेवणारे लोक तिकडं आहेत. कुणी मेटॅगवाला, कुणी हूवरच्या ट्विन टबवाला. मेटॅग या अमेरिकन कंपनीनं १९६७ पासून जाहिरातीत एक मेकॅनिक दाखवायला सुरुवात केली. त्यांची मशीनं बिघडतच नाहीत म्हणून बिचाऱ्याला काम नाही, दिवसभर माशा मारत बसलाय. जाहिरात फक्कड आहे, पण मला तिची मापपट्टी पटत नाही. आपल्याकडं धूळ, क्षारांचं पाणी, व्होल्टेज, उंदीर हे सगळं असताना न बिघडणारं मशीन कुठनं आणणार? बिघडल्यावर गल्लीतल्या माणसाला उघडता येतं ते चांगलं मशीन. पुढची सगळी पारख याच मापानं करायची आहे.

आणि एक आधीच सांगतो. जुनं ते सगळं सोनं नव्हतं. त्या काळातली टुकार मशीनं कधीच भंगारात गेली, म्हणून आज जी दिसतात ती सगळी मजबूत वाटतात.

कोणतं घ्यायचं

ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत मशीन यायला लागलं. व्हिडिओकॉन, बीपीएल, टीव्हीएस व्हर्लपूल, गोदरेज, ओनिडा ही त्या वेळची नावं. फ्रंट लोड हवं असणारे आयएफबी घेत, ते बॉशच्या सहकार्यानं बनत होतं. आज जुन्यात मुख्यतः दोन प्रकार हाती लागतात: दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक आणि पुढून दार असलेलं फ्रंट लोड. वरून कपडे टाकायचं जुनं फुल्ली ऑटोमॅटिकही मिळतं, पण नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

सोलापुरात राहणाऱ्यानं पहिलं मशीन सेमीच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पाणी. उजनीचं पाणी आपल्याकडं रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड येतं, उन्हाळ्यात त्याहून लांबतं. पाणी आलं की बॅरल, टाक्या, हंडे, सगळं भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस बादलीनं मोजून वापरायचं. फ्रंट लोडला नळाला बऱ्यापैकी दाब लागतो आणि ते आपल्या मर्जीनं पाणी घेतं, आपल्या मर्जीनं सोडून देतं. सेमीत तुम्ही बादलीनं पाणी ओतू शकता, तेच पाणी दुसऱ्या घाण्याला वापरू शकता, आणि शेवटचं पाणी पाइपनं बादलीत घेऊन अंगण धुऊ शकता. माझ्या मशीनला वरच्या खुणेपर्यंत मोठ्या तीन बादल्या लागतात. त्या तीन बादल्यांत मी तीन घाणे काढतो. हे कुठल्या बटणावर लिहिलेलं नसतं.

वरनं मे महिन्यात इथलं ऊन चाळिशी ओलांडून बसलेलं. गच्चीवर टाकलेला शर्ट तासाभरात खडखडीत. ड्रायरची खरी गरज पावसाळ्यात, आणि जाड चादरी पिळताना.

कुठं शोधायचं

दिवाळीच्या आधी दुकानांत एक्स्चेंजच्या योजना लागतात. त्या महिन्यात दुकानांच्या मागच्या बाजूला जुन्या मशीनांची रांग लागते आणि नंतर ती एकगठ्ठा भंगारवाल्याकडं जाते. मधले आठ-दहा दिवस तुमचे. दुकानातल्या गोडाऊनवाल्या पोराशी ओळख काढा, मालकाशी नको. मालक भाव सांगतो, पोरगं कुठलं मशीन चालू अवस्थेत आलंय ते सांगतं.

दुसरी जागा म्हणजे घर आवरणारी माणसं. मुलं पुण्यात स्थिरावलेली, आई-वडिलांना तिकडं न्यायचं ठरलेलं. रेल्वे लाइन्स, नवी पेठ, होटगी रोड, कुठंही हे चालू असतं. अशा घरातलं मशीन एकहाती वापरलेलं असतं, वर भरतकामाचं कव्हर असतं, आणि माहितीपुस्तिका कपाटात जपून ठेवलेली असते. तिथं घासाघीस करू नका. मी एका मावशींकडनं मशीन घेतलं तेव्हा त्यांनी चहा पाजला, आणि टायमर कधी उलटा फिरवायचा नाही हे तीनदा सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं. जुना चावीचा टायमर घड्याळाच्या दिशेनंच फिरवायचा. वेळ जास्त लावली गेली तर उलटा ओढायचा नाही, संपू द्यायचा.

उभ्या उभ्या तपासणी

सर्वांत आधी प्लग काढलेला आहे ना ते बघा. मग धुवायच्या टबात हात घालून तळातली चकती, म्हणजे पल्सेटर, दोन्ही बाजूंना फिरवा. जड फिरली तरी चालेल, बेल्टमुळं खाली मोटारही फिरत असते. पण सगळीकडं सारखी जड फिरली पाहिजे. एका जागी अडकत असेल, दाणे चावल्यासारखं वाटत असेल, तर खाली पुलीच्या शाफ्टचं किंवा गिअर बॉक्सचं काम निघालंय. चकती वरखाली हलवून बघा. नखभर खेळ चालतो, बोटभर नाही.

मग ड्रायरची टोपली. ती फिरवून सोडली की सहज फिरत राहिली पाहिजे. झाकण बंद असताना ब्रेक सुटलेला असतो आणि उघडलं की लागतो, त्यामुळं झाकण बंद ठेवून दुसऱ्याला मागच्या पत्र्यातनं खालचा भाग फिरवायला सांगा. टोपली मुळीच फिरत नसेल तर घाबरू नका आणि लगेच नाकारूही नका. टोपली आणि टब यांच्या फटीत मोजा किंवा रुमाल अडकलेला असणं हे फार नेहमीचं कारण आहे.

आता टॉर्च. मशीन मागं कलवून तळ बघा. पत्र्याची बॉडी खालच्या कडेनं गंजते, कारण बाथरूमच्या ओल्या फरशीवर वर्षानुवर्षं उभी असते. वरवरचा गंज पॉलिश पेपरनं घासून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट मारला की थांबतो. पण स्क्रू ड्रायव्हरनं टोचल्यावर पापडासारखा तुकडा पडत असेल तर सोडा. मोटारी ज्या पट्टीवर बसल्यात ती पट्टी खास बघा. बॉडीला भोक परवडतं, त्या पट्टीला नाही.

ड्रायरच्या मोटारीवर गंजाचे ओघळ दिसले तर वरचं रबरी सील गळतंय. टोपलीच्या टबात तांब्याभर पाणी ओता आणि खाली टॉर्च धरा. थेंब मोटारीवर पडत असेल तर सील बदलायचं आहे. ते बदलता येतं, पण ते आजवर न बदलल्यानं मोटारीचं काय झालंय तो खरा प्रश्न आहे.

हे सगळं झाल्यावरच प्लग लावा. टबात पाणी घ्या, कपडे नकोत, टायमर फिरवा. आणि गप्प उभे राहा.

हे मी वडिलांकडनं शिकलो. मिलमध्ये शेकडो मागांच्या खडखडाटात एखादा माग बिघडला की त्यांना तो कानाला कळायचा. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात माग आहेत, त्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या ओळखीच्या एक अक्का आहेत. स्वयंपाकघरात भात रांधत असतात आणि बाहेर मागाचा ठेका चुकला की तिथनंच पोराला हाक मारतात. मशीनलाही तसा ठेका असतो. एका बाजूला फिरतं, थांबतं, टायमरमधनं "कट्ट" असा आवाज येतो, मग उलट्या बाजूला फिरतं. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा पाहिजे. एका बाजूलाच फिरत असेल तर टायमरची पाती जळली आहेत. मोटार फिरायच्या आधी क्षणभर "ह्म्म" अशी गुरगुरते आणि मग उचलते, तर कंडेन्सर थकलाय. नुसतीच गुरगुरते, फिरत नाही, तर लगेच बंद करा, नाहीतर वायंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, जळेल. चरचर आवाज आला तर बेल्ट घसरतोय. तळहात बॉडीवर ठेवा. थरथर हाताला लागेल, पण बॉडी जागेवरनं सरकता कामा नये.

शेवटी ब्रेक. ड्रायर पूर्ण वेगात असताना झाकण उघडा. मोटार त्याच क्षणी बंद झाली पाहिजे आणि टोपली दहा सेकंदांच्या आत थांबली पाहिजे. ती टोपली मिनिटाला तेराशे-चौदाशे फेऱ्या मारते, एखादं पोर हात घालू शकतं. ब्रेक लागत नसेल तर मशीन नाकारू नका, पण ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरू नका. यात "चालतंय की" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

नाडीचं काम

मशीन पसंत पडलं, घरी आलं. (आणताना छोटा हत्ती करा, मशीन उभंच ठेवा, ड्रायरच्या टोपलीभोवती जुनं पांघरूण कोंबा. आडवं घातलंत तर टोपली स्प्रिंगांवरनं निसटते.) आता पहिलं काम म्हणजे पल्सेटर काढून खालची घाण साफ करणं.

चकतीच्या मध्यावर प्लास्टिकचं टोपण असतं. ते नखानं उचला, खाली एक स्क्रू दिसेल. स्क्रू निघेल, चकती निघणार नाही. वर्षानुवर्षांच्या साबणानं आणि क्षारानं ती शाफ्टला धरून बसलेली असते. लोक इथं पक्कड घालतात आणि कडा तोडतात. तसली चकती मग मिळत नाही. नाडी मधोमध दुमडा, चकतीच्या कडेखाली दोन्ही बाजूंनी सरकवा, टोकं हातात धरा, थोडं कोमट पाणी सोडा आणि सरळ वर ओढा. एकदम हिसका नाही, डावी-उजवी थोडी थोडी. "टुप्प" असा आवाज येतो आणि चकती हातात येते.

खाली काय निघेल सांगता येत नाही. मावशींच्या मशीनमधनं मी काढलं ते असं: राखाडी लगद्याचा एक थर, साधारण भाकरीएवढ्या जाडीचा. त्यात चार शर्टाची बटणं, एक टाचणी, दोन केसांच्या पिना, चिंचोका, आणि एक चार आण्याचं नाणं. चार आणे २०११ च्या जूनअखेर चलनातनं बाद झाले, म्हणजे नाणं तिथं किमान त्याच्या आधीपासून होतं. मावशींना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "ठेव तुलाच, मशीनबरोबर दिलं." लगदा लाकडी पट्टीनं खरवडा, लोखंडी नको. खाली शाफ्टभोवती रबरी सील दिसेल. त्याची ओठासारखी कड चिरलेली असेल तर आत्ताच बदला. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद पडून राहिलेल्या मशीनचं रबर कडक होतं आणि पाणी भरल्यावर तासाभरात गळायला लागतं.

टबाच्या भिंतींवर पांढरा थर असेल तर तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार. किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. शंभरेक ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून टबात भरा, पाच मिनिटं फिरवा, तासभर तसंच ठेवा, मग ब्रशनं घासा. त्यात ब्लीचिंगचं पाणी अजिबात मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो.

आतली दुरुस्ती

पत्रा उघडण्यापूर्वी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही भार राहू शकतो. त्याच्या दोन टोकांवर बल्ब होल्डरला जोडलेल्या साध्या बल्बच्या वायरी क्षणभर टेकवा, म्हणजे तो रिकामा होईल. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी काढायची मर्दानगी नको.

कंडेन्सर बदलताना जुन्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा बघून तेवढ्याचाच आणा, ४४० व्होल्टचा. धुवायच्या आणि ड्रायरच्या मोटारीचे कंडेन्सर वेगळ्या आकड्यांचे असतात, अदलाबदल करू नका. फुगलेला दिसला तर चालू असला तरी काढून टाका.

बेल्टच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. पुसला असेल तर जुना बेल्टच दुकानात घेऊन जा. लावल्यावर मध्यभागी अंगठ्यानं दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. मोटारीचे बोल्ट लांबट भोकांत बसवलेले असतात ते याचसाठी. सैल करून मोटार सरकवा, ताण द्या, पुन्हा आवळा. फार ताणलात तर शाफ्टचा बुश झिजेल.

मोटार जळलेली निघाली तर दुसऱ्या गावात लोक मशीन टाकून देतात. आपण सोलापुरात आहोत हे विसरू नका. यंत्रमागांमुळं इथं मोटार रिवाइंडिंग करणाऱ्यांची वाण नाही. मागाच्या स्पेअरच्या दुकानांत बेल्ट, बेअरिंग, ऑइल सील सगळं मिळतं. मी मोटार घेऊन गेलो तेव्हा रिवाइंडिंगवाल्या चाचांनी ती हातात तोलली आणि म्हणाले, "ये तांबा है मालक, ॲल्युमिनियम नै. तीस वर्षं झाली तरी लॅमिनेशन बघा कसं बसलंय." दोन दिवसांनी मोटार मिळाली, आवाज आधीपेक्षा गोड. ॲल्युमिनियमच्या तारेची मोटार असेल तर ती तांब्यात भरून घेता येते, थोडे जास्त पैसे पडतात. घाला.

वायरी बघा. उंदीर खालनं शिरतात आणि ऊब असते म्हणून मोटारीजवळ घर करतात. कुरतडलेली वायर टेपनं गुंडाळून समाधान मानू नका, तुकडा बदला. तळाला बारीक जाळी स्क्रूनं बसवा. मशीन उंच स्टँडवर ठेवा.

अर्थिंग. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. पत्र्याची बॉडी, ओली फरशी आणि अनवाणी पाय, यातनं माणसं दगावलेली आहेत. इलेक्ट्रिशियनकडनं अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, बसवा. या लेखातला एकच खर्च टाळू नये असा असेल तर तो हा.

पहिली धुलाई

पावडर थेट कपड्यांवर टाकू नका. अर्ध्या बादलीत कोमट पाण्यात विरघळवून मग टबात ओता. उकळतं पाणी नको, टब प्लास्टिकचा असतो. जड पाण्यात वडीचा साबण फेस देत नाही आणि टबाला चिकटतो, म्हणून मशीनला पावडरच.

घाण्यांचा क्रम: आधी पांढरे आणि मुलांचे युनिफॉर्म, त्याच पाण्यात रंगीत, मग पायपुसणी आणि फडकी. दुसऱ्या घाण्याला मूठभर पावडर वाढवायची. पहिल्या घाण्याचे कपडे ड्रायरमध्ये फिरवून साबणाचं पाणी काढून टाका आणि मगच खळबळा, म्हणजे खळबळायला एका बादलीत भागतं. न पिळता खळबळलं तर तीन बादल्या जातात. इथं पाणी वाचतं ते असं.

टब किती भरायचा? पाण्यात कपडे टाकल्यावर वरचा कपडा खाली आणि खालचा वर येताना दिसला पाहिजे. नुसतेच गोल फिरत असतील तर दोन काढा.

आता चादर. सोलापुरात मशीनची खरी परीक्षा चादरीवर होते, आणि बाहेरच्या मार्गदर्शकांत हिचा उल्लेख सापडणार नाही. जाड जॅकार्डची चादर कोरडी असताना निमूट असते, भिजली की म्हशीसारखी जड. एका वेळी एकच, वर दुसरं काही नाही. नवी असेल तर पहिल्या दोन धुलाया वेगळ्या, रंग सुटतो. टबात गोळा टाकू नका. पाणी भरून चकती फिरायला लागू द्या आणि चादर एका टोकाकडनं पंख्याच्या घड्यांसारखी आत सोडत जा. दोनदा पाच मिनिटं फिरवा, मध्ये थांबून हातानं उलटी करा. पंधरा मिनिटं सलग लावून देऊ नका, ती चकतीभोवती दोरासारखी पिळून बसते आणि मोटार गुरगुरते.

ड्रायरमध्ये ती पाण्यानं निथळून झाल्यावरच. टोपलीच्या भिंतीला लावून गोल गोल बसवा, मधे पोकळी राहू द्या, दाबून सारखी करा, वर जाळीचं झाकण ठेवा. टायमर लावल्यावर पहिल्या क्षणांत "धड धड धड" आली तर झाकण उघडा, थांबवा, पुन्हा बसवा. हात लावून दाबून धरायचं नाही. आमच्या आईची तीच सवय होती, स्टँडची दोन चाकं त्यातच गेली. टर्किश टॉवेलांनाही हेच लागू, फक्त ते दोन-दोन समोरासमोर ठेवले की तोल आपोआप साधतो.

काम झालं की पाणी पूर्ण सोडा, दोन्ही झाकणं उघडी ठेवा, फिल्टरमधली लव काढा. महिन्यातनं एकदा बेल्ट आणि बोल्ट बघा. मावशींच्या मशीनच्या मागच्या पत्र्यावर आतनं पेन्सिलनं लिहिलेलं सापडलं: "बेल्ट, मार्च ९७. सील, जून २००२." तिथंच खाली मी माझं लिहितो. वहीपेक्षा पत्रा बरा, तो हरवत नाही.

फ्रंट लोडच हवं असेल तर

काहींना तेच आवडतं, आणि जुन्या फ्रंट लोडची स्टीलची ड्रमं बघून माझाही हात शिवशिवतो. थोडक्यात सांगतो. दार उघडून ड्रमची वरची कड धरून वर उचला. कटकट वाजलं तर बेअरिंग गेलं. जुन्यांत बाहेरचा टब बोल्टांनी जोडलेला असतो, उघडून बेअरिंग बदलता येतं. हल्लीच्या अनेक मशीनांत तो चिकटवून कायमचा बंद केलेला असतो. जुनं घेण्याचं सर्वांत मोठं कारण मला हेच वाटतं. दाराच्या रबरी घडीत बोट फिरवा, काळी बुरशी धुता येते, चीर भरता येत नाही. हीटरवर क्षाराचं कवच असणारच, लिंबूफुलाचं पाणी कपड्यांशिवाय गरम धुलाईवर एकदा चालवा. टाकी मशीनपेक्षा निदान दहा-बारा फूट उंच हवी. हीटर असल्यानं सॉकेट १६ अँपिअरचं लागतं. आणि मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे नेताना आतला टब घट्ट धरणारे बोल्ट, लावल्याशिवाय हलवू नका. आत वजनासाठी बसवलेला काँक्रीटचा ठोकळा असतो, खड्ड्यात आपटला की स्प्रिंगा तुटतात. चार माणसं बोलवा, दोघांचं काम नाही.

कधी सोडून द्यायचं

गिअर बॉक्स तुटलाय आणि मिळत नाही, टबाला तळात तडा गेलाय, मोटारीची पट्टी गंजून सुटलीय. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मशीनवर पैसे घालू नका, त्याचं अवयवदान करा. टायमर, दोन्ही मोटारी, पुली, चकती, ब्रेकची वायर, झाकणाचा स्विच, ड्रेनचा व्हॉल्व्ह, एवढं काढून एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात आणि एका पोत्यात भरून ठेवा, वर मॉडेलचं नाव लिहून. तुमच्याकडं नाही तर ज्याच्याकडं तेच मशीन आहे त्याला कधीतरी लागेल. विशेषतः टायमर आणि चकती, या दोन गोष्टी मिळत नाहीत म्हणूनच चांगली मशीनं अडतात.

उरलेला पत्रा भंगारवाल्याला. तो किलोवर घेतो. तोलायच्या आधी काटा शून्यावर आहे का तेवढं बघा.